पांतालोनेचं मूळ, गुडघ्यापर्यंत

दिगंबर पतंगे हा कोबे शहरातला एकमेव मराठी शिंपी आहे, असं तो स्वतः सांगायचा आणि ते खोटं पाडायला दुसरा कुणी मराठी शिंपी तिथे नव्हता. गडी मूळचा बार्शीचा. दिगंबर नावाच्या माणसानं जन्मभर लोकांना पाटलोणी घालत सुटावं, ही गंमत बार्शीकरांनी तो पंधरा वर्षांचा असतानाच करून करून शिळी केली होती, त्यामुळे आपण ती पुन्हा करायला नको. १९६९ साली एका सिंधी कापडव्यापाऱ्यानं त्याला मुंबईच्या दुकानातून उचलून कोबेला आणलं. पुढे त्यानं मोतोमाची बाजाराच्या मागल्या गल्लीत स्वतःचं दुकान थाटलं, बार्शीला जाऊन कुमुदिनीशी लग्न करून तिला घेऊन आला, कस्तुरी नावाची मुलगी झाली, आणि पंचवीस वर्षं त्यानं जपानी गिऱ्हाइकांच्या पाटलोणी ठरल्या वेळेवर शिवून दिल्या.

हे 'ठरल्या वेळेवर' त्यानं फार सोसलं. बार्शीत त्याच्या वडिलांनी उभ्या आयुष्यात एकही कपडा सांगितल्या दिवशी दिला नव्हता. गिऱ्हाईक दारात दिसलं की वडील मशीनवरून मान वर न करता म्हणायचे, "झालंच आहे, फक्त काजं-बटणं राहिलीत. मंगळवारी या." गिऱ्हाईक मंगळवारी यायचं नाही, गुरुवारी यायचं, कारण त्यालाही सगळं ठाऊक असायचं. यात फसवाफसवी कुठे नव्हती, दोन्हीकडून पाळलेली ती एक रीत होती. कोबेत दिगंबरनं पहिल्याच महिन्यात एका गिऱ्हाइकाला सवयीनं 'मंगळवारी या' म्हटलं, तर ते गृहस्थ मंगळवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी छत्री घेऊन दारात उभे. त्या दिवसापासून त्यानं जिभेला टाका घातला. पण बापाकडून आलेली सवय अशी थोडीच जाते? ती आत दबा धरून बसली होती, एवढंच.

१९९५च्या जानेवारीत भूकंप झाला आणि दुकान जागच्या जागी खाली बसलं. पहाटेची वेळ होती म्हणून आत कुणी नव्हतं. तिघं राहत होती ते घरही गेलं, पण तिघं वाचली. आठवड्यानं ढिगारा उपसला तेव्हा शिलाई मशीन निघालं, आणि त्या बिडाच्या धुडाला साधा पोचासुद्धा आला नव्हता. चार माणसांनी ते उचलून वॉर्डाच्या सांस्कृतिक भवनात आणलं, कारण तेव्हा बेघर झालेली दोनशे माणसं तिथेच राहत होती आणि पतंगे कुटुंबही त्यांतलंच. मशीन ठेवलं दुसऱ्या मजल्यावर, खोली क्रमांक तीनमध्ये. देशभरातून मदत म्हणून कपड्यांचे गठ्ठे येत होते, आणि दान करणाऱ्यांची मापं घेणाऱ्यांच्या मापांशी कधीच जुळत नाहीत. दिगंबरनं त्या सहा महिन्यांत दोनशे माणसांच्या पाटलोणी आखूड केल्या.

उन्हाळ्यात भवन रिकामं करायचं ठरलं. पतंगे कुटुंबाला समुद्रात भर घालून केलेल्या बेटावर पत्र्याचं तात्पुरतं घर मिळालं. घर होतं, दार होतं, पण त्या दारातून मशीन आत जात नव्हतं. आडवं करून पाहिलं, तिरकं करून पाहिलं, पाय काढून पाहिले. शेवटी मशीन राहिलं खोली क्रमांक तीनमध्ये, आणि दिगंबर त्याच्याजवळ स्टुलावर बसून राहिला. मशीन गेलं तर धंदा गेला, आणि पन्नाशीत दुसरं काय करायचं ते त्याला येत नव्हतं.

तिथे त्याला भेटले हामागुची-सान. (सान म्हणजे आपलं राव किंवा बाई.) भवनाचे लिपिक. स्वप्नातसुद्धा नियम न मोडणारा माणूस. पण नियम इतके पाठ असले की शिंप्यानं शिवणीत जादा कापड ठेवावं तशी त्यांत कुठे किती माया सोडलेली आहे तेही माणसाला कळतं. ते एक छापील पुस्तिका घेऊन आले. भवनाचा वर्षभराचा कार्यक्रम त्यात होता, भूकंपाच्या आधी छापलेला. तिसऱ्या खोलीसमोर लिहिलं होतं: दर महिन्याचा दुसरा शनिवार, 'इटलीच्या विनोदी नाटकातल्या पांतालोने या पात्राच्या नावाचं मूळ'. व्याख्यात्या ओर्नेल्ला-सान. या इटालियन बाई भूकंपानंतर मायदेशी निघून गेल्या होत्या.

"पतंगे-सान, तुम्ही परदेशी आहात," हामागुची-सान म्हणाले.

"आहे."

"पाटलोणी शिवता."

"शिवतो."

"पांतालोने हा नाटकातला एक म्हातारा होता आणि तो पाटलोण घालायचा, एवढं फायलीत आहे. बाकी फाइल कोरी आहे."

"अहो, पण मला इटलीतलं काही म्हणजे काही..."

"कार्यक्रम छापलेला आहे," हामागुची-सान हळू आवाजात म्हणाले. "चार हजार घरी गेला आहे. छापलेलं रद्द करायला वरच्या कचेरीची सही लागते आणि ती कचेरी सध्या एका शाळेच्या व्यायामशाळेत आहे. खोलीला व्याख्याता नाही. तुम्हाला खोली नाही."

दिगंबरनं हो म्हटलं. भवनाच्या नोंदवहीत त्याच दिवशी नोंद झाली: व्याख्यानाचं साहित्य, बिडाचं, नग एक.

नऊ सप्टेंबरला पहिलं व्याख्यान झालं. समोर सात माणसं बसली होती. सगळी सत्तरीच्या पुढची, सगळ्यांच्या पुढ्यात वही आणि टोक केलेली पेन्सिल. पहिल्या ओळीत निशिवाकी-सान नावाच्या आजीबाई होत्या, एकोणऐंशी वर्षांच्या, कारखान्यात काम करून निवृत्त झालेल्या. त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर विषय आधीच लिहून खाली पट्टीनं रेघ मारली होती. दिगंबर फळ्यासमोर उभा राहिला. फळ्यावर हामागुची-साननी सुंदर अक्षरात पांतालोनेचं नाव लिहिलं होतं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. सातही माणसं शांतपणे वाट पाहत होती. जपानी माणूस वाट पाहायला लागला की समोरच्याचं काही खरं नसतं.

शेवटी त्याचा हात आपोआप त्याच्या ओळखीच्या वस्तूकडे गेला. दानातली एक राखाडी पाटलोण कोपऱ्यात पडली होती, अशा कमरेची की कुणालाच ती झाली नव्हती. ती त्यानं खुंटीला लावली आणि म्हणाला, "कपडा कुठून आला, कुणी बेतला, ते वरून कळत नाही. मूळ शोधायचं तर उसवावं लागतं. तळापासून."

सात पेन्सिली चालायला लागल्या.

निशिवाकी-साननी हात वर केला. "नावाचंही असंच असतं का, सेन्सेई?"

जपानात शिक्षकाला, डॉक्टरला सेन्सेई म्हणतात. आयुष्यात पहिल्यांदा कुणी आपल्याला सेन्सेई म्हटलं, या धक्क्यात दिगंबर म्हणून गेला, "असंच असतं."

"मग पांतालोनेच्या नावाचं मूळ कधी कळेल?"

आणि तेव्हा पंचवीस वर्षं घातलेला तो टाका तटकन तुटला. दिगंबरच्या तोंडून त्याचे वडील बोलले. "झालंच आहे. थोडंसं राहिलंय. पुढच्या महिन्यात देतो."

निशिवाकी-साननी वहीच्या समासात लिहिलं: चौदा ऑक्टोबर.

असा तो वर्ग सुरू झाला. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दिगंबर ब्लेडच्या पात्यानं त्या राखाडी पाटलोणीची अंगठ्याएवढी शिवण उसवायचा. निघालेला दोरा एका पांढऱ्या कागदावर ठेवून सातही जणांत फिरवला जायचा. भिंगातून पाहिला जायचा. लांबी मोजली जायची, रंग टिपला जायचा. कुणीतरी विचारायचं की हा दोरा व्हेनिसचा असू शकेल का, आणि दिगंबर सांगायचा की ओसाकाचा दिसतो. तेही टिपलं जायचं. मग निशिवाकी-सान विचारायच्या, "मूळ?" आणि दिगंबर म्हणायचा, "पुढच्या महिन्यात नक्की." त्या तारीख लिहायच्या. त्या खरंच लिहितात, हे त्याला दिसत होतं. पण गिऱ्हाइकानं तारीख लिहून घेणं म्हणजे काय असतं, हे बार्शीत त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

वार्षिक सादरीकरणाची तिकडे मोठी पद्धत. दर मार्चमध्ये भवनातला प्रत्येक वर्ग सगळ्यांसमोर येऊन वर्षभरात काय केलं ते दाखवतो. शेवंती फुलवणारे शेवंत्या आणतात, गाणारे गातात. दिगंबरच्या वर्गानं पहिल्या वर्षी एक तक्ता लावला. त्यावर पाटलोणीची आकृती आणि तळाशी तांबडी रेघ. खाली निष्कर्ष: मूळ तळाशी नाही, असं सिद्ध झालं आहे. दुसऱ्या वर्षी रेघ वर सरकली. निष्कर्ष: पोटरीतही नाही. त्या वर्षी वरच्या कचेरीतून एक तपासनीस आले होते. त्यांनी तक्त्यासमोर बराच वेळ उभं राहून विचारलं, "गुडघ्यापर्यंत कधी?" दिगंबर म्हणाला, "अठ्ठ्याण्णवच्या मार्चपर्यंत." तपासनिसांनी शेरा लिहिला: काम वेळापत्रकानुसार चालू आहे.

महिन्यातला एक शनिवार असा जायचा. उरलेले दिवस खोली क्रमांक तीनमध्ये मशीन चालायचं आणि पतंगे कुटुंबाचं घर चालायचं. माप द्यायला येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाची खाली वहीत सही व्हायची, श्रोता म्हणून. कच्च्या शिलाईवर घालून बघायला तेच गिऱ्हाईक पुन्हा आलं की पुन्हा श्रोता. त्यामुळे १९९६ साली पांतालोनेच्या नावाचं मूळ हा वॉर्डातला सर्वांत जास्त उपस्थितीचा वर्ग ठरला. शेवंतीवाले काही दिवस दिगंबरशी बोलत नव्हते.

कुमुदिनी तोवर बेंतोच्या कारखान्यात पार्ट-टाइम लागली होती. दिवसभर पट्ट्यावरून सरकणारे जेवणाचे डबे भरायची आणि संध्याकाळी नवऱ्याच्या संशोधनाची चौकशी करायची.

"अहो, त्या आजींना सांगून टाका ना एकदा काय ते."

"काय सांगू? मला कुठे माहीत आहे?"

"मग माहीत नाही म्हणून सांगा. म्हाताऱ्या माणसाला किती ताटकळवायचं?"

"आणि खोली?"

नियम कुमुदिनीलाही माहीत होता. वर्ग चालू आहे तोवर खोली वर्गाची. वर्ग बंद पडला तर खोली गेली, आणि वर्गाचं काम पूर्ण झालं तरी खोली गेलीच, कारण माउथऑर्गन वाजवणारी मंडळी १९९१ पासून रांगेत होती. म्हणजे पांतालोनेचं मूळ सापडलं तरी दिगंबर बुडणार आणि सापडणार नाही असं ठरलं तरी बुडणार. ते जोवर सापडत होतं तोवरच तो तरंगत होता. म्हणून तो अंगठ्याएवढंच उसवायचा. एकदा ब्लेड घसरून चार बोटं शिवण जास्त उकलली, तर दुसऱ्या दिवशी कुणी नसताना त्यानं ती पुन्हा शिवून ठेवली. याची त्याला लाज वाटली, पण शिवण इतकी बेमालूम झाली होती की थोडा अभिमानही वाटला.

दहा जानेवारी १९९८चा वर्ग. गुडघ्याला दोन बोटं कमी होती. दोरा फिरला, भिंग फिरलं. मग निशिवाकी-सान उभ्या राहिल्या. आता त्या ब्याऐंशीच्या होत्या आणि उठायला त्यांना टेबलाचा आधार लागत होता. त्यांनी वही उघडली आणि समास वाचायला सुरुवात केली. चौदा ऑक्टोबर. अकरा नोव्हेंबर. नऊ डिसेंबर. आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. वाण्याच्या दुकानात यादी वाचावी तशा त्या वाचत होत्या. तारखा अठ्ठावीस होत्या. दिगंबरला प्रत्येक तारखेला वाटायचं की ही शेवटची, आणि मग पान उलटल्याचा आवाज यायचा.

"सेन्सेई, मी हिशेब करून पाहिला," वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या. "या वेगानं कंबर २००१ साली येईल. तोवर मी असेन असं मला वाटत नाही. उत्तर तयार असेल तर लवकर द्या. नसेल तर तसं सांगा."

दिगंबरनं मान वर केली नाही. वडीलही अशा वेळी मान वर करत नसत, पण त्यांच्यासमोर अठ्ठावीस तारखा कुणी वाचल्या नव्हत्या.

"मार्चच्या सादरीकरणात देतो," तो म्हणाला. "चौदा मार्च."

"लिहू का?"

त्यांनी हे याआधी कधीच विचारलं नव्हतं. दिगंबरला एकदम कळलं की आपण या बाईला आजवर एकही खरी तारीख दिलेली नाही.

"लिहा," तो म्हणाला.

बेटावर जाणारी बिनड्रायव्हरची गाडी पकडून तो घरी आला तो थेट कस्तुरीसमोर जाऊन बसला. कस्तुरी अठरा वर्षांची होती, तिला मराठी सगळं कळायचं आणि उत्तर ती जपानीत द्यायची. ओर्नेल्ला-सानचा इटलीतला पत्ता हामागुची-साननी फायलीतून काढून दिला होता. दिगंबरनं मराठीत सांगितलं आणि कस्तुरीनं वर्डप्रोसेसरवर जपानीत पत्र टाइप केलं: तुमच्या जागी मी अडीच वर्षं शिकवतो आहे, विषयातलं मला काहीही माहीत नाही, कृपया पांतालोनेच्या नावाचं मूळ कळवावं.

पत्र छापून बाहेर आल्यावर कस्तुरीनं विचारलं, "बाबा, हे तुम्ही अडीच वर्षांपूर्वीच का नाही विचारलं?" असं ती जपानीत म्हणाली, आणि तो मराठीत गप्प बसला.

फेब्रुवारीच्या शेवटी उत्तर आलं. बाईंनी चार पानं लिहिली होती, नीटनेटक्या जपानीत. पांतालोने हा व्हेनिसचा म्हातारा व्यापारी, नाटकातला हुकमी मूर्ख. श्रीमंत, चिक्कू, तरण्या पोरींच्या मागे लागणारा आणि प्रत्येकाकडून फसवला जाणारा. तांबड्या रंगाचे, तंग, पायांना घट्ट बसणारे कपडे तो घालायचा. त्याच्या नावावरून फ्रेंचांनी कपड्याला नाव दिलं, ते इंग्रजांनी उचललं. इथवर वाचून दिगंबर थांबला. इंग्रजांनी उचललेलं पुढे कुठे गेलं ते त्याला सांगायची गरज नव्हती. बार्शीत वडील 'पाटलोण' म्हणायचे तेव्हा ते त्या व्हेनिसच्या चिक्कू म्हाताऱ्याला हाक मारत होते, आणि बिचाऱ्यांना पत्ताही नव्हता. त्याला वडिलांची फार आठवण आली.

आता राहिलं त्या म्हाताऱ्याच्या स्वतःच्या नावाचं मूळ. बाईंनी लिहिलं होतं: कुणी म्हणतात, पांतालेओने नावाचे एक संत होते, रोग्यांना बरं करणारे, त्यांच्यावरून व्हेनिसमध्ये पुष्कळांची नावं ठेवत. त्या संताच्या नावाचा अर्थ कुणी 'सर्वांवर दया करणारा' असा लावतात, तर कुणी त्यात सिंह शोधतात, कारण इटालियनमध्ये 'लेओने' म्हणजे सिंह. दुसरे म्हणतात, संतांचा काही संबंध नाही. सिंह हे व्हेनिसचं निशाण, आणि तिथले व्यापारी जातील तिथे तो सिंह रोवायचे, म्हणून त्यांना 'सिंह रोवणारे' अशा अर्थाचं हे नाव पडलं. तिसरे म्हणतात, सिंह रोवण्याची गोष्ट कुणीतरी मागाहून रचली आहे. बाईंचं शेवटचं वाक्य असं होतं: मी बारा व्याख्यानं घेऊन अखेरीला एवढंच सांगणार होते की खात्रीनं कुणालाच माहीत नाही. ता. क. माझी निळी छत्री तिथे राहिली आहे, वापरत असाल तर हरकत नाही.

दिगंबरनं पत्र तीन वेळा वाचलं. इतके दिवस त्याला वाटत होतं की उत्तर कुठेतरी पक्कं बसलेलं आहे आणि आपण ते लोकांपासून लपवतो आहोत. लपवायला काही नव्हतंच. आता गंमत अशी की याच पत्राच्या आधारावर खोली टिकली असती. हामागुची-साननी तर पत्र वाचून चष्मा पुसत सुचवलंसुद्धा, "तीन मतं आहेत म्हणजे संशोधन चालू आहे असं म्हणता येतं, सेन्सेई. तसं म्हणण्यात काही खोटं नाही. अजून कंबर बाकी आहे."

कुमुदिनीला त्यानं हे सांगितलं तेव्हा ती भांडी विसळत होती. ती म्हणाली, "मग झालं तर. आणखी तीन वर्षांची सोय झाली."

"त्या आजींना तारीख दिली आहे मी."

"आजवर काय कमी दिल्यात?"

"ही खरी होती," दिगंबर म्हणाला.

कुमुदिनीनं नळ बंद केला. हात पुसत ती म्हणाली, "आमच्या कारखान्यात माणसं घेतायत एप्रिलपासून. विचारून ठेवू?" ती रागावली नव्हती. पण ती खूश होती असंही म्हणता येणार नाही.

चौदा मार्चला सभागृहात साठेक माणसं होती. शेवंतीवाल्यांच्या नंतर दिगंबरचं नाव पुकारलं. तक्त्यावर तांबडी रेघ बरोबर गुडघ्यावर होती. तो तक्त्याकडे गेलाच नाही. त्यानं आधी संत सांगितले, मग सिंह सांगितला, मग सिंह खोटा असू शकेल हेही सांगितलं. इटलीतून कोबेपर्यंत आणि बार्शीपर्यंत पाटलोण कशी पोचली ते सांगितलं. मग म्हणाला, "पण त्या म्हाताऱ्याचं नाव मुळात कुठून आलं, ते जगात खात्रीनं कुणालाच माहीत नाही. मला तर कशातलंच काही माहीत नव्हतं. मी शिंपी आहे. तारखा दिल्या त्या मशीन ठेवायला खोली हवी होती म्हणून. दोरा पाहून नावाचं मूळ कळत नाही. वर्गाचं काम आज पूर्ण झालं."

टाळ्या वाजल्या, शेवंतीला वाजल्या तेवढ्याच. निशिवाकी-साननी सगळं लिहून घेतलं, खाली पट्टीनं रेघ मारली, वही पिशवीत ठेवली, जागेवरूनच वाकून नमस्कार केला आणि बसची वेळ झाली म्हणून निघून गेल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. दिगंबर तक्ता उतरवायला लागला. खोली घालवून आपण या बाईच्या पदरात 'माहीत नाही' एवढंच टाकलं, आणि तेही अडीच वर्षं उशिरा. नसतं सांगितलं तर निदान वाट पाहण्यात तरी त्यांचे दिवस गेले असते, असं त्याला वाटत राहिलं.

भवनाच्या चाळीस वर्षांत कुठलाच वर्ग पूर्ण झालेला नव्हता. बंद पडलेले होते, चालू असलेले होते, सगळे सभासद वारल्यामुळे थांबलेलेही होते. त्यामुळे 'पूर्ण' असा शिक्काच नव्हता. हामागुची-साननी तो करायला टाकला. यायला दहा दिवस लागतील म्हणून सांगितलं होतं, बरोबर दहा दिवसांनी आला. पहिला ठसा थोडा पुसट उठला म्हणून त्यांनी दुसऱ्यांदा मारला, आणि दिगंबरकडे न बघता म्हणाले, "फार चांगला वर्ग होता."

एकतीस मार्चला दुपारी खोली रिकामी करायची होती. माउथऑर्गनवाले वेळेच्या आधीच येऊन जिन्यात उभे होते. सात वर्षं थांबलेली माणसं, पण आत पाऊल टाकायला तयार नाहीत, कारण खोली पाच वाजल्यापासून त्यांची. मशीन उचलायला चार माणसं लागतात म्हटल्यावर त्यांच्यातले तिघं पुढे झाले. मशीन एका गुजराथी मोतीवाल्याच्या गोदामात ठेवायचं ठरलं होतं, कुठे जागा मिळेपर्यंत. उद्यापासून दिगंबरला बेंतोच्या कारखान्यात कुमुदिनीशेजारी उभं राहून भाताच्या प्रत्येक डब्यावर एकेक खारवलेलं बोर ठेवायचं होतं. त्याला वाईट वाटत होतं, चांगलं सणसणीत वाईट वाटत होतं. आयुष्यात एकदा कपडा सांगितल्या दिवशी कुणाच्या धाकानं नाही, स्वतःहून दिला आणि हातचं दुकान गेलं, असं काहीसं त्याच्या मनात चाललं होतं.

चौघांनी मशीन जिन्यावरून खाली आणलं आणि फाटकापाशी टेकवलं. दम खाऊन पुन्हा उचलतात तोच समोरून निशिवाकी-सान आल्या. त्या दिवशी वर्ग नव्हता, हातात वही नव्हती. त्या चालत चालत अगदी मशीनपाशी येऊन थांबल्या.

"पतंगे-सेन्सेई, त्या दिवशी मला बोलता आलं नाही," त्या म्हणाल्या. "मी चौथीत असताना शाळा सोडली. मग पन्नास वर्षं रबरी बुटांच्या कारखान्यात. जन्मभर मला एकच वाटत आलं, की शाळेत एके दिवशी सगळ्यांना काहीतरी सांगून झालं आणि नेमकी त्याच दिवशी मी गैरहजर होते. लोक कशावर हसतात, कशावर माना डोलावतात, मला कळायचं नाही. वाटायचं, ते त्यांना त्या दिवशी सांगितलं असणार. म्हणून निवृत्त झाल्यावर मी या भवनातले वर्ग करत आले. एकोणीस झाले. प्रत्येक वर्गात वाटायचं, आज तरी ते सांगतील."

"मी तर तुम्हाला काहीच सांगितलं नाही," दिगंबर म्हणाला.

"तुम्ही सांगितलंत की कुणालाच माहीत नाही." त्यांनी मशीनच्या थंड बिडावर हात ठेवला. "एवढे प्रोफेसर, एवढे इटालियन लोक, कुणालाच नाही. म्हणजे त्या दिवशी कुणीच हजर नव्हतं, सेन्सेई. मी एकटीच राहिले नव्हते."

त्या कमरेतून वाकल्या आणि बराच वेळ वाकून राहिल्या. दिगंबरच्या हातात मशीनचं एक टोक होतं, त्यामुळे त्याला वाकता आलं नाही आणि डोळेही पुसता आले नाहीत. माउथऑर्गनवाले ओझं धरून तसेच उभे होते. निशिवाकी-सान बसथांब्याकडे वळेपर्यंत तो थांबला. मग "चला," असं तो मराठीत म्हणाला, आणि तिघांनी पाऊल उचललं.